धमकी कुणीच दिली नव्हती: व्हिमेरातल्या एका स्पॉन्सर्ड मेकॅनिकचं प्रकरण

मेलबर्नहून ॲडलेडकडे जाणाऱ्या वेस्टर्न हायवेवर साधारण 300 किलोमीटरवर होर्शम लागतं. हा व्हिक्टोरिया राज्यातला व्हिमेराचा पट्टा. गहू, बार्ली, कनोला आणि मसूर ही इथली पिकं. आपल्याकडच्या किराणा दुकानात ऑस्ट्रेलियाची मसूर मिळते, ती बहुतेक याच भागातून नाहीतर शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातून आलेली असते. होर्शमच्या पुढे एका छोट्या गावात शेतीयंत्रांची विक्री आणि दुरुस्ती करणारं वर्कशॉप आहे. सांगली जिल्ह्यातला एक डिझेल मेकॅनिक तिथे 2023 च्या फेब्रुवारीत कामाला लागला. बायको आणि पाच वर्षांची मुलगी बरोबर. व्हिसा सबक्लास 494, म्हणजे मालकाने स्पॉन्सर केलेला, फक्त प्रादेशिक भागासाठीचा, पाच वर्षांचा.

ऑगस्ट 2024 मध्ये त्याचा फोन आला. "ताई, मालकानं धंदा विकला. आमचं काय होणार?"

मी मेलबर्न आणि होर्शमच्या मधल्या बॅलरॅट शहरात पगारपत्रकांचं काम करते. व्हिसाचा सल्ला मी देत नाही. या देशात नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा वकील असल्याशिवाय तो द्यायचाही नसतो. पण पगाराच्या पावत्या वाचता येतात, आणि माणसाला योग्य दारापर्यंत नेता येतं. या प्रकरणात माझा हात तेवढाच. कुटुंबाला विचारून लिहिते आहे, म्हणून नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

तो इथवर कसा आला

आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा कोर्स, मग इस्लामपूरकडे एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरी. ऊसतोडणीची यंत्रं आली तशी हायड्रॉलिक्सची कामं हातात बसली. एका एजंटने "नोकरीसकट व्हिसा" म्हणून लाखांत आकडा सांगितला होता. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या नोंदणीकृत एजंटला भारतात 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. तरी आकडा ऐकूनच तो मागे फिरला. नोकरी मिळाली ती सरळ जाहिरातीला अर्ज करून. मालकाने आधी इथे जाहिरात दिली होती, नियमाप्रमाणे ती किमान चार आठवडे चालवली, आणि स्थानिक मेकॅनिक मिळाला नाही तेव्हा परदेशातून आलेले अर्ज उघडले.

खरी दमछाक झाली ती अनुभव सिद्ध करताना. 494 ला त्या कामाचा किमान तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, आणि कौशल्य तपासणीत तो कागदावर दाखवावा लागतो. सुरुवातीची काही वर्षं पगार रोखीने मिळालेला. पीएफ नाही, बँकेत नोंद नाही. शेवटी ज्या वर्षांपासून पगार बँकेत जमा व्हायला लागला तीच धरली. शोरूमच्या मालकांनी लेटरहेडवर पत्र दिलं, पण पहिल्या पत्रात "मेहनती व प्रामाणिक" याखेरीज काही नव्हतं. इंजिन ओव्हरहॉल, इंजेक्टर, गिअरबॉक्स, हायड्रॉलिक पंप असा कामांचा तपशील असलेलं दुसरं पत्र मागवावं लागलं. आयटीआयच्या मुलांना आजही सांगते: पगार बँकेत घ्या, आणि नोकरी सोडताना पत्रात काम लिहून घ्या, गुण नकोत. इंग्रजीसाठी पीटीई या परीक्षेत चारही भागांत 50 गुण हवे होते. लेखनात दोनदा अडकला, तिसऱ्यांदा सुटला.

डिसेंबर 2022 मध्ये व्हिसा मिळाला. शुल्क, परीक्षा, तिकिटं यांसाठी आईचं सोनं तारण ठेवलं होतं. पुढच्या सगळ्या गप्प बसण्याला त्या सोन्याचं वजन होतं.

काम कसलं असतं

व्हिमेरात सुगी नोव्हेंबरात सुरू होते आणि बऱ्याचदा नवीन वर्षापर्यंत चालते. दाणे काढणाऱ्या मोठ्या यंत्राला इथे हेडर म्हणतात. मसूर जमिनीलगत पिकते, तिचा भुसा बारीक आणि कोरडा. तो एक्झॉस्टभोवती आणि बेअरिंगपाशी साचतो, आणि चाळिशीजवळच्या उन्हात वाऱ्याची एक झुळूक आली की हेडर पेट घेऊ शकतं. रानात यंत्र बंद पडलं की मेकॅनिकने यूट गाडीत हत्यारं टाकून तिथेच जायचं. आधी ब्लोअरने भुसा उडवायचा, मग झाकण उघडायचं. एकदा त्याने मला फोनवर फोटो दाखवला: बेअरिंगची कडा निळी पडलेली, भोवतीचा भुसा काळवंडलेला. "अजून एक फेरी मारली असती तर रान गेलं असतं," म्हणाला. त्या शेतकऱ्याला त्याचं नाव नीट उच्चारता यायचं नाही, पण नंबर पाठ होता.

मालक साठीच्या पुढचा, सज्जन माणूस. भाड्याचं घर त्यानेच शोधून दिलं, पहिल्या थंडीत हीटर आणून दिला, मुलीला शाळेत घालायला स्वतः बरोबर गेला. मेडिकेअर (सरकारी आरोग्यसेवा) कार्ड कुठे काढायचं तेही त्याच्याच बायकोने दाखवलं. मेकॅनिकच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, वृद्धाश्रमातल्या सेवेचा सर्टिफिकेट कोर्स केला आणि गावातच नोकरी धरली. जोडीदाराला या व्हिसावर कोणतंही काम करता येतं, भाग मात्र प्रादेशिक हवा. सगळं सुरळीत दिसत होतं. मीही त्यांच्या घरी जेवून आले होते आणि मला त्यात खोट दिसली नव्हती.

विक्री

मालकाने मुलं शहरात गेल्यामुळे धंदा एका मोठ्या साखळी कंपनीला विकायचं ठरवलं. ताबा 1 सप्टेंबर 2024 ला. नव्या कंपनीने सर्वांना पत्र दिलं: सगळ्यांच्या नोकऱ्या कायम, काहीच बदलणार नाही. बाकीच्यांसाठी ते खरं होतं. याच्यासाठी नव्हतं.

कंपनीचे शेअर विकले असते तर कायद्याने मालक तीच कंपनी राहिली असती, स्पॉन्सरही तीच. इथे मात्र फक्त धंदा विकला होता: यंत्रं, माल, जागेचा भाडेकरार, गिऱ्हाइकं. जुनी कंपनी बंद होणार आणि पगार देणारी संस्था नवी. 494 चा माणूस त्याच व्यवसायात आणि त्याच स्पॉन्सरकडे काम करायला बांधलेला असतो. म्हणजे त्याच शेडमध्ये, त्याच पान्याने, त्याच हेडरवर काम करूनही तो स्पॉन्सर नसलेल्या मालकाकडे काम करत असणार. नव्या कंपनीला आधी मंजूर स्पॉन्सर असावं लागतं, आणि मग याच्या नावाचं नवं नॉमिनेशन, म्हणजे या जागेसाठी हाच माणूस हवा असा मालकाचा अर्ज, मंजूर करून घ्यावं लागतं. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी विक्रीची कागदपत्रं तपासली होती. या एका माणसाचा व्हिसा कुणाच्याच यादीत नव्हता.

आम्ही बॅलरॅटमधल्या एका नोंदणीकृत एजंटकडे गेलो. नोंदणी क्रमांक सरकारी यादीत तपासूनच. तिथे कळलं की तारखेने त्याला वाचवलं होतं. 1 जुलै 2024 च्या आधी स्पॉन्सरकडची नोकरी सुटली की 90 दिवसांत नवा स्पॉन्सर, दुसरा व्हिसा किंवा परतीचं विमान. त्या दिवसापासून ही मुदत एका वेळी 180 दिवस आणि व्हिसाच्या काळात एकूण 365 दिवस झाली. शिवाय या काळात दुसऱ्या मालकाकडे काम करता येतं, नेमून दिलेल्या व्यवसायाबाहेरचंसुद्धा. म्हणजे नव्या कंपनीत तो लगेच कायदेशीरपणे काम करू शकत होता, पण फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतच. त्याच्या आत नॉमिनेशन मंजूर व्हायला हवं.

नातेवाईक मेलबर्नला बोलावत होते. "इकडे ये, टॅक्सी चालव, सहा महिने निघतील." प्रेमाने दिलेला हा सल्ला सगळ्यात घातक होता. मुदत मिळाली तरी प्रादेशिक भागाची अट सुटत नाही. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून बाकी देश या व्हिसासाठी प्रादेशिक धरला जातो. जिलाँग चालतं, ॲडलेड चालतं, पर्थसुद्धा चालतं. मेलबर्नला पाहुणा म्हणून जायला हरकत नाही, पण तिथे राहायचं आणि कमवायचं म्हणजे अट मोडायची.

तीन दारं

पहिलं दार नव्या कंपनीचं. तिथल्या मनुष्यबळ विभागाचं उत्तर आलं की स्पॉन्सरशिप हे कंपनीचं धोरण नाही.

दुसरं, शेजारच्या गावातलं एक छोटं गॅरेज. मालकाला मेकॅनिक हवाच होता, पण आकडा जमेना. आमच्या मेकॅनिकचं पहिलं नॉमिनेशन झालं तेव्हा किमान वार्षिक पगाराची मर्यादा 53,900 डॉलर होती, आणि त्याला 64,000 मिळत होते. जुलै 2023 मध्ये मर्यादा 70,000 झाली आणि जुलै 2024 मध्ये 73,150. नवं नॉमिनेशन नव्या आकड्याने. गॅरेजवाल्याकडे वीस वर्षं काम करणाऱ्या माणसालाही तेवढा पगार नव्हता. मर्यादा वाढवली ते योग्यच झालं असं मला वाटतं. स्वस्त मजूर म्हणून माणसं आणण्याची वाट त्याने अरुंद होते. पण अर्ध्या वाटेवर असलेल्यासाठी तीच मर्यादा भिंत झाली, हेही नोंदवलं पाहिजे.

तिसरं दार उघडलं शेतकऱ्यांनी. ऑक्टोबर आला, सुगी तोंडावर, आणि वर्कशॉपचे दोन मेकॅनिक विक्रीनंतर सोडून गेले होते. ज्याचं रान वाचलं होतं तो शेतकरी आणि आणखी काही जण नव्या कंपनीच्या प्रादेशिक व्यवस्थापकाला भेटले आणि म्हणाले, हा गेला तर आम्ही सर्व्हिसिंग दुसरीकडे नेतो. दोन आठवड्यांत धोरण बदललं. पगार 82,000 ठरला.

मग व्यवस्थापकाने त्याला सहज विचारलं: नॉमिनेशनबरोबर जी प्रशिक्षण लेव्ही (सरकारी आकार) भरावी लागते ती पगारातून थोडी थोडी कापून घेतली तर चालेल ना? 494 साठी ही लेव्ही एकरकमी असते, लहान धंद्याला 3,000 डॉलर आणि वर्षाला एक कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्याला 5,000. आमचा मेकॅनिक घरी येऊन आनंदाने म्हणाला, "पाच हजारांत मिटतंय ताई. देतो की, काय बिघडतं?"

बिघडलं असतं ते सगळंच. लेव्ही कामगारावर ढकलता येत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे मागणं, घेणं आणि देऊ करणं डिसेंबर 2015 पासून बेकायदेशीर आहे. देऊ करणाऱ्यालाही दंड होऊ शकतो आणि त्याचा व्हिसा जाऊ शकतो. नोकरीसाठी पैसे मोजायची सवय असलेल्या भागातून आलेल्या माणसाला यात गैर दिसत नाही, आणि म्हणूनच तो अडकतो. एजंटने कंपनीला लेखी कळवलं. व्यवस्थापकाने माफी मागितली. त्यालाही नियम माहीत नव्हता असं माझं मत आहे. लेव्ही कंपनीने भरली. पगार स्थानिक दराला धरून आहे का ते सांगणाऱ्या प्रादेशिक प्रमाणन संस्थेचा अभिप्राय आला, नोव्हेंबरात नॉमिनेशन दाखल झालं, जानेवारी 2025 च्या शेवटी मंजूर. मुदत संपायला महिनाभर उरला होता.

पावत्यांत काय सापडलं

प्रकरण इथे मिटलं असतं. पण नॉमिनेशनसाठी जुन्या पगाराच्या पावत्या माझ्याकडे आल्या होत्या. डिसेंबर 2023 च्या प्रत्येक पावतीवर 38 तास. ऐन सुगीत, आठवड्याला 38 तास!

विचारलं तर म्हणाला, "सुगीत कोण तास मोजतं? मालक म्हणायचे, नंतर सुट्टी घे." ती सुट्टी त्याने क्वचितच घेतली होती. पेरणीच्या दिवसांतही तेच. जादा तासांना जादा दर हा इथे हक्क आहे. बदली सुट्टी द्यायची तर तशी लेखी संमती आणि नोंद लागते, यात दोन्ही नव्हती. शिवाय थकबाकी सहा वर्षं मागे जाऊन मागता येते.

पुरावा कुठला? वहिनींच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर. स्वतःच्या कामाची पाळी आणि मुलीला शेजारी सोडायची वेळ ठरवायला त्या रोज लिहून ठेवत: "हे 5.40 ला गेले, 9.15 ला आले." आणि याच्या फोनमधले यंत्रांचे फोटो, प्रत्येकावर वेळ आणि जागा. कॅलेंडर आणि फोटो शेजारी ठेवून मी आठवडे लावले. बेरीज करताना हात थांबला, कारण मी या घरी जेवले होते आणि "काम कसं चाललंय" एवढंच विचारून आले होते.

"मालकांना का नाही विचारलंस?"

"ताई, ते चांगले होते. पण व्हिसा त्यांच्या हातात होता ना."

मालकाने कधीही व्हिसाचं नाव काढून दबाव आणला नव्हता. आणला असता तर जुलै 2024 पासून तो फौजदारी गुन्हा आहे. कामाच्या ठिकाणी पिळवणूक झाली तर दाद मागता यावी म्हणून वेगळ्या व्हिसाचा प्रयोगही त्याच महिन्यात सुरू झाला. हे कायदे चांगले आहेत, मला त्यांचा आधार वाटतो. पण ते धमकी पकडतात, आणि इथे धमकीची गरजच पडली नव्हती. घरी सोनं तारण, मुलगी शाळेत, पीआरला (कायमच्या वास्तव्याला) तीन वर्षं, आणि या सगळ्याच्या मुळाशी एकाच माणसाची सही. एवढं पुरतं. चांगल्या मालकापुढे तर तोंड उघडणं आणखी अवघड, कारण मागणं म्हणजे कृतघ्नपणा वाटतो.

त्याच वर्कशॉपमध्ये 491 व्हिसावरचा एक फिलिपिनो मेकॅनिक आहे. तोही पाच वर्षांचा आणि प्रादेशिक व्हिसा, पण राज्याने नॉमिनेट केलेला. भागाला बांधलेला, मालकाला नाही. त्याच डिसेंबरात त्याने जादा तासांचे पैसे मागितले आणि त्याला मिळाले. शेड एक, मालक एक, काम एक. फरक होता तो व्हिसाच्या अटीचा.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की खेड्यांना माणसं हवी असतील तर त्यांना भागाशी बांधा, हे समजू शकतं. मालकाशी बांधायची गरज नाही. याच व्हिमेरात निल नावाचं दोन-सव्वादोन हजार वस्तीचं गाव आहे. तिथल्या लव्ह-अ-डक या बदकप्रक्रिया कंपनीला माणसं मिळत नव्हती, तेव्हा 2010 पासून म्यानमारच्या कारेन निर्वासितांची कुटुंबं मेलबर्नहून तिथे आली. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जॉन मिलिंग्टन आणि त्यांची पत्नी यांनी आधी गावाशी बोलून घेतलं, घरांची सोय लावली, नंतरही त्यांना साथ दिली. निर्वासित म्हणून आलेल्या या लोकांना कोणत्याही मालकाशी बांधणारा व्हिसा नव्हता. उद्या उठून मेलबर्नला परत जाता आलं असतं. तरी बरेच राहिले. निर्वासितांना स्थिरावायला मदत करणारी एएमईएस ही संस्था आणि डेलॉइट ॲक्सेस इकॉनॉमिक्स ही सल्लागार कंपनी यांनी 2015 मध्ये हिशेब मांडला, तेव्हा त्या भागाच्या अर्थव्यवस्थेला या वस्तीमुळे 4 कोटी 15 लाख डॉलरचा आणि 70.5 पूर्णवेळ नोकऱ्यांचा फायदा झाल्याचं दिसलं. तिथे माणसं थांबली ती घर, काम, शाळा आणि शेजार मिळाल्यामुळे.

पुढे काय झालं

नॉमिनेशन मंजूर होईपर्यंत त्याने थकबाकीचा विषय काढू दिला नाही. मी आग्रह धरला नाही, निर्णय त्याचा होता. फेब्रुवारीत त्याने जुन्या मालकाला पत्र लिहिलं, सोबत आठवडेनिहाय तक्ता. फेअर वर्क ओम्बुड्समन या कामगार हक्कांच्या सरकारी यंत्रणेकडे जायची तयारी ठेवली होती. जायची वेळ आली नाही. म्हातारा दोन दिवसांनी स्वतः घरी आला, कॅलेंडर बघायला मागितलं, पानं उलटली आणि एवढंच म्हणाला, "तू मला आधी सांगायला हवं होतंस." वहिनी दारातूनच म्हणाल्या, "तुम्ही विचारायला हवं होतं." पैसे दोन हप्त्यांत आले, सुपरचा (मालकाने भरायच्या निवृत्तीनिधीचा) फरकही. आईचं सोनं एप्रिलमध्ये सुटलं.

नव्या कंपनीत तो आता रोजचे तास फोनवरच नोंदवतो आणि पावती आली की त्या आठवड्याशी ताडून बघतो. काही शेतकरी अजून सरळ त्यालाच फोन करतात, आणि तो त्यांना वर्कशॉपच्या नंबरवर नोंद करायला सांगतो, म्हणजे तास कागदावर येतात.

सबक्लास 191, म्हणजे कायमचा व्हिसा, मागण्यासाठी 494 हातात येऊन तीन वर्षं व्हावी लागतात, अटी पाळलेल्या असाव्या लागतात, आणि तीन आर्थिक वर्षांच्या कर आकारणीच्या नोटिसा जोडाव्या लागतात. ती वर्षं एकाच मालकाकडे काढायची अट नाही. इथलं आर्थिक वर्ष जुलै ते जून, त्यामुळे फेब्रुवारी ते जून 2023 असं पहिलं अपुरं वर्ष, मग 2023-24 आणि 2024-25, अशा तीन नोटिसा जमल्या. विवरणपत्रं वेळच्या वेळी भरली होती म्हणून. डिसेंबर 2025 मध्ये अर्ज गेला. उत्तर यायचं आहे, पण 494 डिसेंबर 2027 पर्यंत चालू आहे, त्यामुळे या वेळी दिवस मोजावे लागत नाहीत.